मधल्या कुटुंबाची जागा: मध्यक आणि उत्पन्न गटांवरील डेटा सफिशियन्सीचे प्रश्न कसे सोडवावेत

स्पर्धा परीक्षांच्या गणितात डेटा सफिशियन्सी नावाचा एक प्रकार असतो. त्यात एक प्रश्न आणि त्याखाली दोन विधाने दिलेली असतात, आणि त्या विधानांवरून प्रश्नाचे उत्तर निश्चितपणे मिळते की नाही एवढेच ठरवायचे असते. उत्तर प्रत्यक्ष काढून दाखवण्याची गरज नसते. यूपीएससीच्या सीसॅट पेपरच्या अभ्यासक्रमात हा प्रकार दहावीच्या पातळीचा म्हणून नमूद आहे, बँकांच्या परीक्षांत तो वर्षानुवर्षे येतो, आणि परदेशातील व्यवस्थापन शिक्षणासाठी घेतल्या जाणाऱ्या जीमॅटमध्ये तर तो त्या परीक्षेची ओळखच मानला जातो. जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तीन जिल्ह्यांतील अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या, मराठी माध्यमातून शिकून आलेल्या नव्या विद्यार्थ्यांना या प्रकारातील मध्यकाचे आणि उत्पन्न गटांचे प्रश्न विशेष जड जातात, असा माझा शिकवतानाचा अनुभव आहे, आणि म्हणून हा लेख केवळ त्याच प्रश्नांपुरता लिहिला आहे.

हे प्रश्न जड जाण्याचे कारण गणित कच्चे असणे हे नव्हे. दहावीच्या गणित भाग १ मधील सांख्यिकीचे प्रकरण ज्याने मन लावून केले आहे त्याच्याकडे लागणारे सगळे गणित असते. अडचण सवयीची आहे. दहा वर्षे आपण उत्तर काढायला शिकलेलो असतो, त्यामुळे आकडा हाती आला नाही की काहीतरी चुकले असे वाटते. अमळनेर-पारोळ्याकडची मुले ‘सर, आकडा ते निंघनाच नही’ असे म्हणून पेन खाली ठेवतात, आणि पुष्कळदा नेमक्या त्याच क्षणी प्रश्न सुटलेला असतो, कारण आकडा निघत नाही हे खात्रीने कळणे हेच तेथे उत्तर असते.

आधी मध्यकाविषयी. सर्व उत्पन्ने चढत्या क्रमाने मांडली असता बरोबर मध्ये जे येते ते मध्यक. एकूण संख्या विषम असेल तर मध्ये एकच जण उभा असतो: ३१ कुटुंबांत १६वे, ४५ कुटुंबांत २३वे, म्हणजे एकूण संख्येत एक मिळवून आलेल्या बेरजेचे निम्मे. संख्या सम असेल तर मध्ये दोघे येतात, जसे ४० जणांत २०वा आणि २१वा, आणि त्या दोघांच्या उत्पन्नांची सरासरी म्हणजे मध्यक. या व्याख्येत सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ही की मध्यक आधी जागा सांगतो आणि मग रक्कम. डेटा सफिशियन्सीचे अर्ध्याहून अधिक काम जागेवर भागते, आणि ज्याला ही गोष्ट पटली त्याला पुढचे सर्व सोपे जाते.

उत्पन्न गट म्हणजे काय हे समजण्यासाठी घरातील शिधापत्रिका पुरेशी आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या, आणि त्या योजनेच्या मूळ मर्यादांनुसार पिवळी शिधापत्रिका वार्षिक १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला, केशरी १५,००० पेक्षा जास्त पण एक लाखापेक्षा कमी उत्पन्न असलेल्याला आणि पांढरी एक लाख किंवा त्याहून अधिक उत्पन्न असलेल्याला मिळत असे. शेजाऱ्याची शिधापत्रिका केशरी आहे एवढे कळल्यावर त्याचे उत्पन्न कोणत्या दोन मर्यादांमध्ये आहे हे कळते, पण ते १६,००० आहे की ९९,००० हे मुळीच कळत नाही. गटाची माहिती आणि रकमेची माहिती यांतील हे अंतर डोळ्यांसमोर ठेवून पुढचे उदाहरण वाचावे.

समजा, रावेर तालुक्यातील एका वस्तीवर ३१ कुटुंबे आहेत आणि प्रत्येकाकडे वरील मर्यादांप्रमाणे तीनपैकी एका रंगाची शिधापत्रिका आहे.
विधान १: पिवळी शिधापत्रिका असलेली कुटुंबे ९ आहेत.
विधान २: पांढरी शिधापत्रिका असलेली कुटुंबे ६ आहेत.

येथे मी मुद्दाम प्रश्न अजून लिहिलेला नाही, कारण याच दोन विधानांवर तीन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात आणि तिन्हींची उत्तरे वेगळी येतात.

पहिली पायरी: प्रश्नाची जात ओळखा

विधानांकडे पाहण्याआधी प्रश्न पुन्हा एकदा वाचावा आणि तो पुढील तीनपैकी कोणत्या जातीचा आहे हे कच्च्या कागदावर एका शब्दात लिहावे. ‘मध्यक उत्पन्न एक लाखापेक्षा कमी आहे का?’ हा होय-नाहीचा प्रश्न झाला. ‘मध्यक उत्पन्न कोणत्या गटात आहे?’ हा गटाचा प्रश्न झाला. ‘मध्यक उत्पन्न किती?’ हा रकमेचा प्रश्न झाला. होय-नाहीच्या प्रश्नाला सर्वांत कमी माहिती पुरते, गटाच्या प्रश्नाला बहुधा त्याहून थोडी अधिक लागते, आणि रकमेच्या प्रश्नाला केवळ गटांची माहिती क्वचितच पुरते.

होय-नाहीच्या प्रश्नात ठाम ‘नाही’ हेही पुरेसे उत्तर आहे, ही गोष्ट नव्या विद्यार्थ्याला वारंवार सांगावी लागते. ‘मध्यक एक लाख किंवा अधिक आहे का?’ असे विचारले आणि विधानावरून तो निश्चितपणे त्याखालीच असल्याचे दिसले, तर ते विधान पुरेसे आहे. ‘नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत; अपुरे विधान तेच, ज्यातून कधी होय आणि कधी नाही अशी दोन्ही उत्तरे निघू शकतात.

दुसरी पायरी: मधली जागा कागदावर मांडा

एकूण संख्या ३१, म्हणजे मधली जागा १६वी. कच्च्या कागदावर एक आडवी रेघ ओढून डाव्या टोकाला १, उजव्या टोकाला ३१ आणि मध्ये १६ लिहून त्याभोवती गोल करावा. डावी बाजू कमी उत्पन्नाची, उजवी जास्त उत्पन्नाची. आता प्रत्येक विधानातून डावीकडून किती जागा भरल्या आणि उजवीकडून किती भरल्या एवढेच पाहायचे असते. माझ्या मते ही एक रेघ सूत्रे पाठ करण्यापेक्षा अधिक उपयोगी आहे, आणि परीक्षेत वेळ कमी असला तरी ती ओढायची सोडू नये. सीसॅटमध्ये ८० प्रश्नांना १२० मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट, आणि रेघ ओढायला त्यातील काही सेकंदच लागतात.

तिसरी पायरी: एका वेळी एकच विधान

विधान १ वाचताना विधान २ हाताने झाकून ठेवावे. हे पोरकट वाटते, पण या प्रकारातील बहुतेक चुका एका विधानातील माहिती नकळत दुसऱ्यात नेल्याने होतात.

विधान १ नुसार डावीकडच्या ९ जागा पिवळ्या झाल्या. उरलेल्या २२ कुटुंबांत केशरी किती आणि पांढरी किती हे माहीत नाही. १६व्या जागेवर पिवळी नाही एवढे नक्की, पण केशरी आहे की पांढरी हे सांगता येत नाही. आता विधान १ पूर्ण विसरून विधान २ घ्यावे. त्यानुसार उजवीकडच्या ६ जागा, म्हणजे २६ ते ३१, पांढऱ्या झाल्या. डावीकडील २५ कुटुंबांचे उत्पन्न एक लाखापेक्षा कमी आहे आणि १६वे कुटुंब त्यांच्यातच येते.

म्हणून ‘मध्यक एक लाखापेक्षा कमी आहे का?’ या प्रश्नाला विधान २ एकटे पुरेसे आहे आणि विधान १ एकटे पुरेसे नाही. ‘मध्यक कोणत्या गटात आहे?’ या प्रश्नाला मात्र विधान २ एकटे पुरत नाही, कारण त्या २५ कुटुंबांत २० पिवळी आणि ५ केशरी असली तर मध्यक पिवळ्या गटात जातो, आणि ५ पिवळी व २० केशरी असली तर केशरी गटात. दोन्ही विधाने एकत्र केली की पिवळी ९, पांढरी ६, म्हणून केशरी १६, आणि केशरी गट १०व्या जागेपासून २५व्या जागेपर्यंत पसरतो. १६वी जागा त्याच्या आतच पडते. गटाच्या प्रश्नाचे उत्तर ‘दोन्ही मिळून पुरेशी’ असे झाले.

चौथी पायरी: दोन मांडण्या करून पाहा

तिसरा प्रश्न उरला: मध्यक उत्पन्न किती? येथे मी ज्याला दोन मांडण्यांची कसोटी म्हणतो ती लावावी. दिलेली सर्व विधाने पाळणारी उत्पन्नांची एक मांडणी करावी आणि तिच्यातून उत्तर काढावे. मग विधाने तीच पाळणारी, पण उत्तर वेगळे देणारी दुसरी मांडणी जमते का ते पाहावे. जमली तर माहिती अपुरी. वरील वस्तीत १६ही केशरी कुटुंबांचे उत्पन्न प्रत्येकी २०,००० धरले तर मध्यक २०,००० येतो. सर्वांचे ९०,००० धरले तर ९०,००० येतो. दोन्ही मांडण्यांत पिवळी ९ आणि पांढरी ६ आहेत. म्हणून रकमेच्या प्रश्नाला दोन्ही विधाने मिळूनही अपुरीच.

दुसरी मांडणी शोधताना मधल्या, सुटसुटीत संख्या घेऊन थांबू नये, टोके गाठावीत. गटाच्या अगदी खालच्या मर्यादेला सर्वांना नेऊन पाहावे, मग वरच्या मर्यादेला नेऊन पाहावे. आणि प्रयत्न करूनही दुसरी मांडणी जमत नसेल, तर ती का जमत नाही याचे कारण एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ‘डावीकडे २५ जण आहेत आणि मधली जागा १६वी आहे’ हे असे कारण झाले. कारण सांगता येत नसेल तर विधान पुरेसे मानण्याची घाई करू नये.

पाचवी पायरी: पर्याय शेवटी वाचा

पर्यायांचा क्रम परीक्षेगणिक बदलतो. जीमॅटमध्ये तो ठरलेला आहे: पहिला पर्याय केवळ विधान १ पुरेसे, दुसरा केवळ विधान २ पुरेसे, तिसरा दोन्ही मिळून पुरेशी, चौथा प्रत्येक विधान एकटे पुरेसे, पाचवा दोन्ही मिळूनही अपुरी. बँकांच्या परीक्षांत ‘दोन्ही मिळून’ हा पर्याय बहुधा शेवटी येतो, आणि सीसॅटमध्ये तर पर्याय चारच असल्याने ‘एका विधानावरून उत्तर मिळते पण दुसऱ्यावरून मिळत नाही’ असा एकत्रित पर्याय दिलेला असतो. सवयीने तिसऱ्या क्रमांकावर खूण करणाऱ्याचे सारे श्रम येथे वाया जातात, शिवाय सीसॅटमध्ये चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग वजा होतो.

शाळेतील सूत्राचा मोह

वर्गीकृत सामग्रीचा मध्यक काढण्याचे सूत्र आपल्या सर्वांना पाठ असते: मध्यक वर्गाची खालची मर्यादा घ्यायची, एकूण वारंवारतेच्या निम्म्यातून त्या वर्गाच्या आधीची संचित वारंवारता वजा करायची, त्या वजाबाकीला वर्गाच्या वारंवारतेने भागून वर्गांतराने गुणायचे आणि आलेली संख्या खालच्या मर्यादेत मिळवायची. वरील वस्तीला हे सूत्र लावले तर १५.५ वजा ९ म्हणजे ६.५, त्याला १६ ने भागून ८५,००० ने गुणल्यावर ३४,५३१.२५, आणि त्यात १५,००० मिळवून ४९,५३१.२५ रुपये असा मध्यक येतो. आकडा इतका नेटका येतो की विद्यार्थी ‘दोन्ही मिळून पुरेशी’ असे लिहून मोकळा होतो.

पण हे सूत्र त्या गटातील सर्व उत्पन्ने खालपासून वरपर्यंत सारख्या अंतराने पसरलेली आहेत असे गृहीत धरते. दहावीच्या परीक्षेत ते गृहीत धरायचेच असते, कारण मूळ उत्पन्ने हाती नसताना मध्यकाचा जवळचा अंदाज घेणे हाच तेथे हेतू असतो. डेटा सफिशियन्सीत मात्र विधानात जे लिहिलेले नाही ते गृहीत धरण्याची मुभा नाही. आपण वरच २०,००० आणि ९०,००० मध्यक येणाऱ्या दोन मांडण्या पाहिल्या, आणि त्या दोन्ही विधानांशी तंतोतंत जुळतात. म्हणून सूत्र आठवले तरी या प्रकारात त्याला बाजूला ठेवावे. जेथे प्रश्नच ‘सूत्राने काढलेला मध्यक’ असे स्पष्ट म्हणत असेल तेवढा अपवाद.

संख्या सम असते तेव्हा

सम संख्येचे प्रश्न परीक्षक आवडीने काढतात, कारण तेथे मध्ये दोघे उभे असतात आणि ते दोघे वेगवेगळ्या गटांत असू शकतात. जळगावातील एका डाळ मिलमध्ये ४० कामगार आहेत असे समजा. प्रश्न: मासिक पगाराचा मध्यक १५,००० रुपयांपेक्षा कमी आहे का?
विधान १: नेमक्या २० कामगारांचा पगार १५,००० पेक्षा कमी आहे.
विधान २: १२,००० पेक्षा जास्त आणि १८,००० पेक्षा कमी असा पगार कोणाचाही नाही.

विधान १ नुसार २०वा कामगार १५,००० च्या खाली आहे आणि २१वा १५,००० वर किंवा त्यापुढे. मध्यक या दोघांच्या पगारांची सरासरी असल्याने तो १५,००० च्या कोणत्याही बाजूला पडू शकतो. विधान १ अपुरे. विधान २ मध्ये किती कामगार कोणत्या बाजूला आहेत हे दिलेलेच नाही, तेही अपुरे. आता दोन्ही एकत्र केल्यावर २०व्याचा पगार जास्तीत जास्त १२,००० आणि २१व्याचा कमीत कमी १८,००० असे कळते. येथे विद्यार्थी म्हणतो की मध्ये कोणीच नाही, तेव्हा काहीतरी ठरले असले पाहिजे. कसोटी लावून पाहू: डावीकडच्या वीसही जणांना १२,००० आणि उजवीकडच्या वीसही जणांना १८,००० दिले तर मध्यक १५,००० येतो, म्हणजे १५,००० पेक्षा कमी नाही, डावीकडच्यांना १०,००० दिले आणि उजवीकडे १८,०००च ठेवले तर मध्यक १४,००० येतो, म्हणजे कमी आहे. दोन्ही विधाने मिळूनही अपुरी.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. संख्या सम असली की मध्यकाएवढे उत्पन्न प्रत्यक्षात कोणाचेही नसू शकते. विधान २ ज्या पट्ट्यात एकही कामगार नाही असे म्हणते त्याच पट्ट्यात मध्यक येऊन पडू शकतो. दुसरे, विधान १ मध्ये २० ऐवजी २१ कामगार असते तर २०वा आणि २१वा दोघेही १५,००० च्या खाली आले असते, त्यांची सरासरीही खालीच आली असती, आणि ते एकटे विधान पुरेसे झाले असते. एका कामगाराच्या फरकाने उत्तराचा पर्याय बदलतो, म्हणून एकूण संख्या सम की विषम हे न पाहता पुढे जाणे फार महागात पडते.

टक्केवारी दिली असेल तर एकूण संख्येची गरज पडेलच असे नाही. ‘५५ टक्के कुटुंबांचे उत्पन्न १५,००० पेक्षा कमी आहे’ यावरून मध्यक १५,००० पेक्षा कमी हे ठरते, मग कुटुंबे २० असोत की २,०००, कारण निम्म्याहून अधिक लोक डावीकडे आहेत. ‘५० टक्के’ असे असेल तर मात्र संख्या सम असणारच, आणि वरच्या डाळ मिलसारखीच स्थिती येते.

विस्तार, सर्वांत मोठे उत्पन्न आणि सरासरी

सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान उत्पन्नांतील फरक म्हणजे विस्तार. विस्तार एकटा दिला तर मध्यकाविषयी तो काहीच सांगत नाही, कारण सर्वांचे उत्पन्न एकदम हजाराने वाढवले तरी विस्तार तेवढाच राहतो आणि मध्यक हजाराने सरकतो. विस्ताराला एखादे टोक जोडले की त्याला अर्थ येतो. शिरपूरच्या एका बचत गटातील ७ महिलांच्या मासिक कमाईचा मध्यक १२,००० पेक्षा जास्त आहे का, असा प्रश्न घेऊ.
विधान १: कमाईचा विस्तार ६,००० रुपये आहे.
विधान २: सर्वांत जास्त कमाई १८,५०० रुपये आहे.

एकेकटी विधाने अपुरी आहेत. दोन्ही मिळून सर्वांत कमी कमाई १२,५०० येते, चौथी महिला त्याच्या खाली असूच शकत नाही, म्हणून उत्तर ठाम होय आणि दोन्ही मिळून पुरेशी. आता विधान २ मध्ये १८,५०० ऐवजी १८,००० लिहून पाहावे. सर्वांत कमी कमाई नेमकी १२,००० झाली. सहा जणींची कमाई १२,००० आणि एकीची १८,००० असेल तर मध्यक १२,०००, म्हणजे १२,००० पेक्षा ‘जास्त’ नाही. चौथीची कमाई १५,००० असेल तर जास्त आहे. पाचशे रुपयांच्या फरकाने पुरेशी माहिती अपुरी झाली. ‘पेक्षा जास्त’ आणि ‘किंवा त्याहून जास्त’ या शब्दांखाली पेनाने रेघ मारण्याची सवय येथे कामी येते, आणि अनेक जणांची कमाई सारखी असू शकते हे विसरू नये. सर्व संख्या भिन्न आहेत असे विधानात लिहिले असेल तरच तसे धरावे.

केवळ वरच्या टोकाची माहिती देणारी विधाने मोठी भारदस्त दिसतात. ‘वस्तीवरील सर्वांत मोठ्या केळी बागायतदाराचे उत्पन्न पाच लाख आहे’ हे वाचून काहीतरी मोठे हाती लागले असे वाटते, पण ते पाच लाखांचे पन्नास लाख झाले तरी मधल्या कुटुंबाची जागा आणि रक्कम हलत नाही. सरासरी हलते, मध्यक हलत नाही.

सरासरीवरून मध्यक साधारणपणे ठरत नाही. नंदुरबारच्या मिरची बाजारातील पाच हमालांची एका दिवसाची सरासरी मजुरी ६०० रुपये असेल, तर पाचही जणांना ६०० मिळाले असतील आणि मध्यक ६०० असेल, किंवा ४००, ५००, ५५०, ६५० आणि ९०० अशी मजुरी मिळून मध्यक ५५० असेल. दोन्हीकडे बेरीज ३,०००च आहे. पण याच्या जोडीला ‘कोणाचीही मजुरी ६०० पेक्षा जास्त नाही’ असे दुसरे विधान आले तर चित्र पालटते. कोणी ६०० च्या खाली असेल तर सरासरी ६०० राखायला दुसरे कोणीतरी ६०० च्या वर असावेच लागेल, आणि तसे कोणी नाही. म्हणून पाचही जण नेमके ६०० वर आहेत आणि मध्यक ६०० आहे. दोन दुबळी विधाने एकत्र येऊन सर्व मजुऱ्या एकदम बांधून टाकतात, हा प्रकार मला या संपूर्ण विषयात सर्वांत देखणा वाटतो, आणि तो परीक्षेत निरनिराळ्या वेषांत येतो.

दोन गावांचा एकत्र मध्यक

एका गावात २५ कुटुंबे आहेत आणि दुसऱ्यात ३०. प्रश्न: दोन्ही गावे एकत्र केल्यास मासिक उत्पन्नाचा मध्यक १५,००० पेक्षा कमी आहे का?
विधान १: पहिल्या गावाचा मध्यक १२,००० आहे.
विधान २: दुसऱ्या गावाचा मध्यक १४,००० आहे.

एकूण कुटुंबे ५५, मधली जागा २८वी. पहिल्या गावात १३वे कुटुंब १२,००० वर आहे, म्हणून तेथील किमान १३ कुटुंबे १२,००० किंवा त्याखाली. दुसऱ्या गावात १५व्या आणि १६व्या कुटुंबांची सरासरी १४,००० आहे, म्हणून १५वे कुटुंब १४,००० च्या वर असू शकत नाही आणि तेथील किमान १५ कुटुंबे १४,००० किंवा त्याखाली. दोन्ही मिळून किमान २८ कुटुंबे १४,००० पर्यंतच आहेत, आणि २८वी जागा त्यांच्यातच आली. उत्तर होय, दोन्ही मिळून पुरेशी. एकेकट्या विधानातून १३ किंवा १५ कुटुंबांचीच हमी मिळते, जी २८ ला पुरत नाही.

याच ठिकाणी ‘एकत्र मध्यक किती?’ असे विचारले असते तर दोन्ही मिळूनही माहिती अपुरी ठरली असती. उजवीकडूनही असाच हिशेब केल्यास मध्यक १२,००० च्या खाली जात नाही असे दिसते, पण १२,००० ते १४,००० यांत तो नेमका कोठे आहे हे कळत नाही. १२,००० ला २५ ने आणि १४,००० ला ३० ने गुणून बेरजेला ५५ ने भागण्याची रीत सरासऱ्यांसाठी आहे. मध्यकांना ती लावू नये.

सरावासाठी एक प्रश्न

चाळीसगाव तालुक्यातील ५१ कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या वार्षिक उत्पन्नाचा मध्यक एक लाख किंवा अधिक, पण दोन लाखांपेक्षा कमी, या गटात आहे का?
विधान १: एक लाखापेक्षा कमी उत्पन्न असलेले शेतकरी २० आहेत.
विधान २: एक लाख किंवा अधिक, पण दोन लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेले शेतकरी २७ आहेत.

पुढे वाचण्याआधी रेघ ओढून, २६ भोवती गोल करून, विधान २ झाकून स्वतः प्रयत्न करावा.

विधान १ नुसार २६वा शेतकरी एक लाखाच्या खाली नाही हे कळते, पण उरलेले ३१ जण दोन लाखांच्या अलीकडे आहेत की पलीकडे हे कळत नाही. ३१ही जण पलीकडे असले तर उत्तर नाही, अलीकडे असले तर होय. अपुरे. विधान २ वाचताना बहुतेक जण म्हणतात की खाली किती आणि वर किती हे सांगितल्याशिवाय काही ठरणार नाही. पण ५१ पैकी २७ या गटात असतील तर बाहेर एकूण २४च उरतात. ते सगळे खाली असले तर गट २५व्या जागेपासून ५१व्या जागेपर्यंत जातो; सगळे वर असले तर पहिल्या जागेपासून २७व्या जागेपर्यंत. २४ जणांची कशीही वाटणी केली तरी २६वी जागा गटाच्या आतच राहते, कारण निम्म्याहून अधिक लोकांना सामावणाऱ्या गटातून मधली जागा बाहेर पडूच शकत नाही. विधान २ एकटे पुरेसे आहे आणि विधान १ एकटे पुरेसे नाही.